गाडीतला पंचम कुठे जातो?

कार टेपच्या खोक्यावर एक आकडा ठळक छापलेला असतो, ५० वॉट × ४. चार स्पीकरांना पन्नास-पन्नास, म्हणजे दोनशे वॉट. दुकानदार त्यावर बोट ठेवतो, गिऱ्हाईक मान डोलावतं आणि सौदा पटतो. खोकं फोडून टेप पालथा केला की मागे एक छोटा फ्यूज दिसतो. त्यावर १० लिहिलेलं असतं, फार तर १५. गाडी चालू असताना टेपला साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. दहा अँपिअरचा फ्यूज असेल, तर १४.४ गुणिले १० म्हणजे १४४ वॉट. आत जाणारी वीजच एवढी, तिच्यातली बरीच टेपची पाठ तापवण्यात खर्च होते, आणि बाहेर दोनशे वॉटचा आवाज पडतो म्हणे.

आकडा अगदीच हवेतला नाही, हेही सांगायला हवं. टेपमधला ॲम्प्लिफायर स्पीकरला जास्तीत जास्त बॅटरीएवढंच व्होल्टेज देऊ शकतो. चार ओहमच्या स्पीकरवर १४.४ व्होल्ट सतत पडले, तर १४.४ चा वर्ग भागिले ४, उत्तर ५१.८४. पन्नास येतात ते इथून. पण व्होल्टेज सतत टोकाला असणं म्हणजे लाटेचा माथा आणि तळ दोन्ही कापले जाऊन ती चौकोनी होणं, बाजाराच्या भाषेत आवाज फाटणं. न फाटता, स्वच्छ सुरासाठी हाच हिशेब २६ वॉटवर येतो, आणि ट्रान्झिस्टरांचा वाटा वजा जाता हातात वीसेक उरतात. खोक्यावरचे पन्नास वॉट हे आवाज पुरता फाटल्यानंतरचे वॉट आहेत. छापणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही, कारण आवाज मोजायची आपल्याला सवयच नाही. मायलेज आपण टाकी फुल करून काढतो, टायरची हवा दर पंधरवड्याला बघतो. आवाजाला मात्र 'दणका आहे' आणि 'मजा नाही' ही दोनच मापं.

तसे वीस वॉट थोडेही नाहीत. साधा स्पीकर एका वॉटमध्ये मीटरभर अंतरावर ८८ ते ९० डेसिबल देतो, आणि घरात टीव्हीसमोर आपण याच्या कितीतरी खाली ऐकत असतो. वॉट दुप्पट केले की वाढतात तीन डेसिबल, कानाला जेमतेम कळतील एवढे. आवाज दुप्पट मोठा वाटायला वॉट दसपट लागतात. या एका ओळीवर बाजारातल्या निम्म्या जाहिराती निकालात निघतात.

नव्या गाड्यांत तर ते खोकंच राहिलेलं नाही. डॅशबोर्डवरचा स्क्रीन हाच टेप, त्यातच रिव्हर्सचा कॅमेरा, काही गाड्यांत एसीसुद्धा त्यातूनच चालतो. तो उपटून दुसरा बसवणं आता परवडत नाही. गाड्याही आता ठरावीक मापाच्या. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि मध्यमवर्गाची गाडी त्या चार मीटरांत बसवली गेली. चार दारं, चार स्पीकर, वरच्या मॉडेलला वरच्या सुरांचे दोन ट्विटर जास्त. 'कंपनीचा साउंड काही खास नाही' ही तक्रार अशा प्रत्येक गाडीबद्दल ऐकू येते. त्यावर बाजाराचं उत्तर तयार असतं. स्पीकर बदला, ॲम्प टाका, बेस ट्यूब टाका. बिल वीस हजारांपासून लाखापर्यंत कुठेही थांबतं, आणि गाडीत आधी नेमकं काय चुकतंय हे मात्र कोणी तपासत नाही.

तपासणारी माणसं आहेत, पण थोडी. चिंचवडच्या एमआयडीसीत दोन गाळ्यांचं एक वर्कशॉप आहे. मालकांना तिथली पोरं मामा म्हणतात, गिऱ्हाइकंही म्हणतात, म्हणून इथेही मामाच. तरुणपणी टेपरेकॉर्डर दुरुस्त केले, मग गणपतीत मंडळांचे साउंड लावले, भिंतीएवढे डीजे आल्यावर ते काम सोडून दिलं. आता गाड्या. कोणी गाडी घेऊन आलं आणि 'दहा इंची वूफर टाकायचाय' म्हणालं की मामा आधी दारावर बोटाच्या पेरानं ठोकतात. बाहेरून, चार ठिकाणी. "आधी हा ढोल बंद करू, मग वूफरचं बघू."

दाराचं आतलं पॅड कसं निघतं हे एकदा बघण्यासारखं असतं. हँडलमागचे स्क्रू काढायचे, कडेनं प्लॅस्टिकची चपटी पट्टी सरकवायची आणि एकेक क्लिप 'टक' करून सोडवायची. एखादी तुटतेच. मग पॅड वर उचललं की मागे पातळ प्लॅस्टिकचा कागद, काळ्या चिकट पट्टीनं डकवलेला, आणि त्यामागे पत्र्यात हात जाईल एवढी भोकं. काच वर-खाली करणारी मोटर दुरुस्त करता यावी म्हणून कंपनीनं ती ठेवलेली असतात. स्पीकर याच पत्र्यावर तीन-चार स्क्रूंनी बसवलेला. त्याचा कोन, म्हणजे शंकूसारखा पडदा, पुढे आला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खालच्या सुरांना वळसा घालून जायला काही अडत नाही, त्यामुळे पुढची दाबलेली हवा आणि मागची विरळ हवा त्या भोकांतून एकमेकींना भेटतात आणि हिशेब शून्यावर येतो. बेस वाजतो, पण तो दाराच्या आतल्या आत विझतो. शिवाय पत्रा स्वतःच्या सुरात थरथरतो ते वेगळंच.

उपाय म्हणजे भोकं बुजवणं आणि पत्रा जड करणं. त्यासाठी ब्यूटाइल रबराच्या, एका बाजूला ॲल्युमिनियमची फॉइल असलेल्या शीट येतात. त्या चिकटवून लहान रूळ दाबून फिरवायचा. पत्रा पूर्ण मढवायची गरज नसते, थरथरणारा मधला भाग धरला तरी बराच फरक पडतो. स्वस्तातली डांबरी शीटही मिळते आणि दुकानदार ती 'सेमच आहे' म्हणून देतो. सेम नसते. विदर्भात मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं आतलं तापमान साठ अंशांच्या वर जातं. तेव्हा हे डांबर सुटतं, वास मारतं आणि खाली ओघळतं. दुसरी काळजी कोकणातल्यांनी घ्यायची. पावसाचं पाणी काचेच्या फटीतून दारात उतरतंच आणि दाराच्या तळाशी असलेल्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतं. हौशी कारागिरानं तीही बुजवली, तर दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत दार आतून गंजायला लागतं.

माझं मत विचाराल, तर गाडीच्या आवाजावर खर्च करायचा पहिला रुपया या दारात घालावा. कंपनीचा स्पीकर दिसायला केविलवाणा असतो, कागदी कोन, प्लॅस्टिकची चौकट, मागे लहानसं लोहचुंबक. पण कागद हलका असतो, आणि वीस वॉटांतही आवाज भरपूर यावा म्हणून तो मुद्दाम हलका ठेवलेला असतो. त्याच्या जागी महागडा, जड कोनाचा स्पीकर बसवला आणि त्याला वीज त्याच वीस वॉटांतून दिली, तर पैसे जाऊन आवाज उलट कमी होऊ शकतो. चार डेसिबलचा फरक असेल, तरी त्याच आवाजासाठी अडीचपट वॉट लागतात.

मोजायचं साहित्य फार नाही. यूएसबीनं लॅपटॉपला जोडायचा मापनाचा माइक लागतो. मिनीडीएसपी कंपनीचा यूमिक-१ या कामात बराच दिसतो. प्रत्येक माइकच्या अनुक्रमांकाप्रमाणे त्याच्या स्वतःच्या चुकांची एक फाइल मिळते, ती सॉफ्टवेअरला दिली की ते तेवढ्या चुका वजा करतं. सॉफ्टवेअर रूम ईक्यू विझार्ड, जॉन मल्काही या गृहस्थांनी लिहिलेलं आणि फुकट. मोबाइलवरचं ॲप दोन मापांची तुलना करायला चालेल, पण फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. खालचे सूर तो नीट पकडत नाही, आणि सततच्या आवाजाला गोंगाट समजून दाबायलाही बघतो.

गाडीत लावायचं ते गाणं नसतं. पिंक नॉइज नावाचा एक सपाट घोष असतो, आंबोलीच्या धबधब्याजवळ उभं राहिल्यावर ऐकू येतो तसा. त्यात प्रत्येक सप्तकाच्या वाट्याला सारखीच ऊर्जा असते, त्यामुळे गाडीनं कुठलं सप्तक खाल्लं आणि कुठलं फुगवलं ते स्क्रीनवर उघडं पडतं. माइक एका जागी ठेवत नाहीत. मामांचा मुलगा ड्रायव्हरच्या डोक्याच्या जागी तो सावकाश फिरवत राहतो, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, थोडा पुढे, थोडा मागे, आणि सॉफ्टवेअर सरासरी काढतं. पाच हजार हर्ट्झच्या सुराची लांबी सात सेंटिमीटर. मान थोडी वळली तरी माप बदलतं. एका बिंदूचं माप घेऊन त्यावर इक्वलायझर लावणारा माणूस त्या बिंदूची दुरुस्ती करतो, गाडीची नाही.

मी होतो त्या दिवशी आलेली गाडी बँकेतल्या एका बाईंची होती. चाळिशीतल्या, गाणं शिकणाऱ्या. रोज निगडीहून शिवाजीनगरला जाता-येता ख्याल ऐकतात. त्यांची तक्रार मामांना फार आवडली. म्हणाल्या, "मामा, मध्यमापर्यंत सगळं छान असतं हो. पंचमावर न्यास केला की गाणाऱ्या बाई मागच्या सीटवर जाऊन बसतात." आधीच्या दुकानात त्यांना इक्वलायझर लावून दिला होता, त्यानं आवाज फाटायला लागला, पंचम काही पुढे आला नाही.

मामांनी विचारलं, "पट्टी कुठली, ताई?"

"काळी पाच. माझीही, आणि ज्यांचं ऐकते त्यांचीही."

काळी पाचचा मंद्राकडचा षड्ज, ज्यात बऱ्याच स्त्रिया गातात, तो सुमारे २३३ हर्ट्झ. पंचम म्हणजे त्याची दीडपट, ३५० च्या घरात. आता गाडीतली अंतरं बघू. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. उजव्या दारातला स्पीकर त्याच्या डोक्यापासून ९० सेंटिमीटरवर होता, डावीकडचा १४० वर. फरक पन्नास सेंटिमीटर. गाणारीचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये मध्यभागी असतो, म्हणजे दोन्ही स्पीकरांतून एकदमच निघतो. पण डावीकडचा पन्नास सेंटिमीटर मागून पोचतो. ज्या सुराची अर्धी लांबी नेमकी पन्नास सेंटिमीटर, त्या सुरासाठी एका बाजूची लाट वर असताना दुसऱ्या बाजूची खाली असते. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. एक मीटर लांबीचा सूर म्हणजे ३४५ हर्ट्झ. बाईंच्या पंचमापासून हाकेच्या अंतरावर.

स्क्रीनवर ते दिसलं तेव्हा सगळेच पुढे वाकले. आधी फक्त उजवा स्पीकर चालू केला, रेघ साडेतीनशेच्या आसपास नीट. मग फक्त डावा, तोही नीट, जरा खाली. मग दोन्ही, आणि त्याच जागी दहा-बारा डेसिबलचा खड्डा. दोन्ही स्पीकर चांगले, दोन्ही मिळून वाईट. इक्वलायझरनं हा खड्डा भरत नाही याचं कारणही यातच आहे. ३४५ वर सहा डेसिबल वाढवले, तर उजवीकडचा सूर वाढतो आणि डावीकडचाही तेवढाच वाढतो. ते पूर्वीसारखेच एकमेकांना खातात, फक्त आता जास्त वीज खाऊन. आधीच्या दुकानात आवाज का फाटला ते इथे कळतं.

कान यात आणखी भर घालतो. लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडलं, की खालच्या सुरांची दिशा आपण दोन कानांतल्या वेळेच्या फरकावरून ओळखतो आणि वरच्या सुरांची आवाजाच्या कमी-जास्तपणावरून. एकाच आवाजाच्या दोन प्रती थोड्या अंतरानं आल्या, तर मेंदू आधी आलेल्या प्रतीची दिशा धरतो. हेल्मुट हास यांनी १९४९ च्या प्रबंधात याचा अभ्यास केला. म्हणून ड्रायव्हरला गायिका डॅशबोर्डच्या मधे न दिसता उजव्या गुडघ्याशी दिसते, आणि पंचमावर तिथेही धड राहत नाही.

उपाय साधा आहे, जवळच्या स्पीकरला थांबवायचं. पन्नास सेंटिमीटर भागिले ३४५ मीटर, म्हणजे १.४५ मिलिसेकंद. डीएसपी, म्हणजे आवाजावर आकड्यांत प्रक्रिया करणारी चिप, असलेला लहान ॲम्प सीटखाली बसतो, कंपनीच्या वायरी न कापता कपलरला कपलर जोडून. वायर कापली की वॉरंटीचा वाद ठरलेला, म्हणून हे महत्त्वाचं. सेकंदाला ४८ हजारांच्या सॅम्पलिंगला त्याची एक पायरी ०.०२ मिलिसेकंदाची येते, म्हणजे हवेतले सात मिलिमीटर. मामांच्या मुलानं उजव्या बाजूला उशीर घातला, आवाज तीनेक डेसिबल उतरवला, पुन्हा मोजलं. खड्डा भरला. मग बाईंनी स्वतःच्या फोनवरून त्यांचा नेहमीचा राग लावला आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो असा, "शेजारच्या सीटवर कसं ऐकू येतं?"

वाईट येतं. या विषयातली खरी गोम इथे आहे. ड्रायव्हरसाठी उजवा स्पीकर १.४५ मिलिसेकंद थांबवला. डावीकडच्या सीटवर बसणाऱ्याला तो आधीच तेवढा उशिरा पोचत होता, आता दुप्पट उशिरा. त्याचा खड्डा ३४५ वरून १७२ हर्ट्झवर जातो, म्हणजे पुरुषी आवाजाच्या ऐन भरणीत. एका सीटचं भलं दुसऱ्या सीटच्या खिशातून होतं. मागे बसलेल्यांचा तर यात विचारच नाही.

कंपनीला हे करता येत नाही. तिला गाडी चौघांना विकायची असते. ड्रायव्हिंग सीटवरच्या माणसाला, शेजारच्या बायकोला, मागे बसणाऱ्या आई-वडिलांना. आणि ज्यांच्याकडे चालक आहे, त्यांच्या बाबतीत पैसे देणारे कान मागच्या डाव्या सीटवर असतात. चौघांनाही बऱ्यापैकी, कोणालाच उत्तम नाही, अशी मधली रेघ तिला काढावी लागते. कारखान्यातला आवाज खराब असतो असं आपण सरसकट म्हणतो, त्यातला मोठा वाटा या तडजोडीचा असतो. काही गाड्यांच्या सेटिंगमध्ये 'ड्रायव्हर', 'फ्रंट', 'ऑल' असे पर्याय खोल कुठेतरी लपलेले असतात. ते उशिराचंच काम करतात आणि फुकट असतात. विकत घेतल्यापासून ते उघडून न पाहिलेले मालक मला किती तरी भेटले.

गाडीत आवाज आणायची धडपड जुनी आहे. पॉल गॅल्विन यांनी १९३० साली आपल्या गाडीत रेडिओ बसवून ती अटलांटिक सिटीला नेली, रेडिओ उत्पादकांच्या अधिवेशनाबाहेर उभी केली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकवलं. मोटोरोलाचा जन्म तिथला. क्रायस्लरनं १९५६ मध्ये डॅशबोर्डखाली चक्क ग्रामोफोन बसवला, रस्त्यावरच्या खड्ड्यांचा विचार करता तो प्रयोग टिकला नाही यात नवल नाही. पण गाडीची आतली जागा हीच वाद्याचा भाग मानून, एकेका मॉडेलपुरती यंत्रणा आखण्याचं काम बोस आणि जनरल मोटर्सच्या डेल्को विभागानं केलं. ती १९८३ च्या कॅडिलॅक सेव्हिलसह चार गाड्यांत आली. अमर बोस हे एमआयटीत प्राध्यापक होते, वडील बंगालचे, स्वातंत्र्यलढ्यात भाग घेऊन अमेरिकेत गेलेले. गाडीतला श्रोता कुठे बसणार, काच कुठे, सीटचं कापड कुठलं, हे आधीच ठाऊक असतं, घरात तसं नसतं. त्यामुळे घरापेक्षा गाडीत आवाज नेमका बसवता यायला हवा, असा त्यामागचा युक्तिवाद.

त्याच वर्षी, १९८३ च्या डिसेंबरात, आपल्याकडे मारुती ८०० आली. टेप बहुतेकांनी बाहेरूनच बसवून घेतला आणि स्पीकर मागच्या ट्रेवर, लंबगोल, सहा बाय नऊ इंची. ट्रेखालची डिकी त्यांना आयती पेटी मिळे, बेस छान येई, पण गाणारा माणूस कायम मानेच्या मागे. दोन पिढ्यांचे कान त्यावर पोसले. आजही पन्नाशीपुढचं गिऱ्हाईक आवाज पुढे आणून दिला की अस्वस्थ होतं, 'मागून भरत नाही' म्हणतं. मामा त्यांच्याशी वाद घालत नाहीत. मागचे स्पीकर थोडे वर करून देतात.

आज या कामाचा बराच भाग पुण्याच्या परिसरातच चालतो. जेबीएल, हरमन कार्डन ही नावं ज्या हरमनची, तिचा कारखाना चाकणला आहे. ही कंपनी २०१७ मध्ये सॅमसंगनं घेतली. वेताळ टेकडीवरची एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था १९६६ पासूनची, तिथे गाड्यांच्या आवाजाची आणि थरथरीची प्रयोगशाळा आहे. २०२१ मध्ये आलेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० च्या वरच्या मॉडेलला सोनीचे बारा स्पीकर मिळाले. बारा, सोळा हे आकडे आता विक्रीचे झाले आहेत, पूर्वी वॉट होते तसे. दोन ट्विटर वेगळे मोजले की चारचे सहा होतात हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात येईलच.

कंपनी आणखी एक गोष्ट करते आणि सांगत नाही. मामांनी बाईंच्या गाडीच्या स्पीकरच्या वायरींवरच माप घेतलं, माइक न लावता, विजेचं. आवाज पंधरावर असताना रेघ एक आकाराची, तिसावर नेला की खालचे सूर हळूहळू दाबलेले. स्पीकरचा कागद फाटून गाडी वॉरंटीत परत येऊ नये म्हणून ही तजवीज असते. कॉलेजातला मुलगा गाडी घेऊन जाणार, पूर्ण आवाज करणार, हे कंपनीला पक्कं माहीत असतं. पण अशा सिग्नलवर तुम्ही पन्नास हजारांचा ॲम्प आणि वूफर लावलात, तर आवाज वाढवाल तसा वूफर गप्प होत जातो, आणि गिऱ्हाईक वूफरला शिव्या देतं. ॲम्प विकण्याआधी हे माप घ्यायला दहा मिनिटं लागतात. फार थोडी दुकानं ती देतात.

रेघ सपाट केली म्हणजे काम झालं, असंही नाही. सपाट रेघेची गाडी कानाला रोडावलेली, टोचणारी लागते. बेल लॅबोरेटरीच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं, की हळू आवाजात आपला कान खालच्या सुरांना बहिरा होत जातो. गाडीत त्यावर रस्त्याची भर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सिमेंट काँक्रीटचा, त्यावर शंभरच्या आतबाहेर वेगानं छोटी गाडी आतून सत्तर डेसिबलच्या आसपास गुरगुरत असते, आणि त्या गुरगुरीचा जोर खालच्या सुरांतच असतो. ती नेमका मृदंग आणि डग्गा गिळते. म्हणून बेस सहा ते दहा डेसिबल वर आणि तिथून वरच्या सुरांकडे हळूहळू उतरत जाणारी रेघ धरतात. किती वर, हे उभ्या गाडीत ठरवू नये. मामा गाडी देहूरोडच्या पुढे हायवेवर नेतात आणि मगच शेवटचा हात फिरवतात. यंत्राचं काम इथे संपतं. पुढे आवड आहे, आणि आवड मोजायला माइक नाही.

बेससाठी मोठी पेटी लागतेच असंही नाही. साठ-सत्तर हर्ट्झच्या खालच्या सुरांची लांबी गाडीच्या आतल्या जागेत मावत नाही, अशा वेळी स्पीकर सगळ्या बंद हवेलाच एकदम दाबत-सोडत राहतो आणि सूर जेवढा खाली तेवढी गाडी त्याला हात देते, कागदावर सप्तकाला बारा डेसिबलपर्यंत. काचा, फटी, पातळ पत्रा यांतून त्यातलं काही गळतं, तरी उरतं ते पुष्कळ. छोट्या गाडीत सीटखाली मावणारा आठ इंची सबवूफर पुरतो तो त्यामुळे. डिकी अडवून बारा इंची ट्यूब टाकणाऱ्यांना हे पटत नाही. त्यांना बेस ऐकवायचा असतो तो सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्यांना, आणि त्यासाठी ट्यूबच बरी.

बाईंच्या गाडीला डीएसपीत तीन बटणांवर तीन मांडण्या करून दिल्या. एक एकटीसाठी, दुसरी पुढच्या दोघांची तडजोड, तिसरी सगळ्यांची. दारं, डीएसपी आणि मजुरी धरून जो खर्च आला त्यात कंपनीचे चारही स्पीकर जागेवरच राहिले. आधीच्या दुकानानं नव्या स्पीकरांचंच याहून मोठं कोटेशन दिलं होतं.

या धंद्याला पुढे किती वाव राहील, हे सांगणं अवघड होत चाललंय. नव्या विजेच्या गाड्यांत आवाज स्क्रीनकडून ॲम्पकडे आकड्यांच्या रूपात, एकाच बारीक दुपदरी वायरीवरून जातो. मधे कपलर घालून तो उचलता येत नाही, त्यासाठी प्रत्येक गाडीचा वेगळा दुभाष्या लागतो. इंजिनाचा आवाज नसल्यानं टायरचा आणि वाऱ्याचा जास्त कळतो. कंपनीच ट्यूनिंग बदलून हवेतून अपडेट पाठवू शकते, आणि एका सकाळी मालकाला आपली गाडी वेगळीच वाजताना सापडते. मामांचा मुलगा कोडिंग शिकतोय. मामा म्हणतात, दारं काय अजून पत्र्याचीच आहेत.

दिवाळीत गाडी घेणाऱ्यांची संख्या मोठी, म्हणून शोरूमसाठी काही. टेस्ट ड्राइव्हला पेन ड्राइव्हवर पिंक नॉइज आणि मध्यभागी नोंदवलेला एखादा एकट्याचा आवाज घेऊन जावं. फेडर पूर्ण पुढे घ्यावा, बॅलन्स मधोमध, बेस-ट्रेबल शून्यावर. गाणारा डॅशबोर्डच्या मध्याकडे सरकला तर चांगलं. तो कुठेच सापडत नसेल आणि बेसही पातळ असेल, तर एका स्पीकरच्या वायरी उलट जोडल्या गेल्या असण्याची शक्यता असते. नव्या गाडीतही हे होतं. मग आवाज दोन-तृतीयांशावर नेऊन दाराच्या पॅडवर हात ठेवावा, थरथर तळहाताला कळते. सेल्समन डेमोसाठी ढोलताशाचं किंवा दाक्षिणात्य पिक्चरचं गाणं लावायला सरसावेल. ते बंद करून त्याला आकाशवाणीच्या बातम्या लावायला सांगाव्यात. निवेदक पुरुष असेल तर उत्तम, कारण त्याचा आवाज शंभर ते दीडशे हर्ट्झच्या आसपास उभा असतो आणि गाडीचा पत्रा घुमतो तोही साधारण तिथेच. बातम्यांतला माणूस ओळखीचा, आपल्याशी बोलतोय असा वाटला, की त्या गाडीत गाणंही वाजेल. सेल्समन जरा खट्टू होतो, पण महिनाअखेर असेल तर लावतो.